महापौरांच्या नावापुढे फक्त सालच का? नगरविकास विभाग, राज्य निवडणूक आयोग आणि नगरसचिवांना खुले पत्र

प्रति,
प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र
आणि राज्यातल्या २९ महापालिकांचे नगरसचिव (मुंबईत महापालिका चिटणीस)

विषय : महापौरांची निवडणूक-नोंद एका जागी, पूर्ण आणि शोधता येईल अशी ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

महापालिकेच्या मुख्यालयात महापौरांच्या नावांचा फलक असतो. त्यावर तीन रकाने : नाव, पासून, पर्यंत. संकेतस्थळावरची ‘आजवरचे महापौर’ ही यादी म्हणजे त्याच फलकाचा टंकलेखित उतारा. महापौर कोणत्या प्रभागातून आले, किती मतांनी आले, सभागृहात त्यांना किती हात वर झाले, विरोधात कोण होते, पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव होते, यातले काहीही तिथे नसते. नगरसेवकाच्या निवडणुकीचा निकाल आयोगाकडे, आरक्षणाच्या सोडतीचे कागद मंत्रालयात, गटनोंदणी विभागीय आयुक्तांकडे आणि प्रत्यक्ष महापौर निवडीचे इतिवृत्त नगरसचिवांच्या कपाटात. चार कार्यालये, चार फायली. त्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत. दुखणे इथे आहे, म्हणून हे पत्र एकाच कार्यालयाला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहीत आहोत.

ही नोंद नसल्याने काय बिघडते ते काही शहरांवरून पाहू. जळगावात २०१८ साली ७५ पैकी ५७ जागा भाजपला मिळाल्या, शिवसेनेला १५, एमआयएमला ३. मार्च २०२१ मध्ये, करोनामुळे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने झालेल्या सभेत, शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० अशा मतांनी महापौर झाल्या. सेनेचे १५, भाजपच्या चिन्हावर निवडून आलेले २७ आणि एमआयएमचे ३, अशी ती ४५ ची बेरीज. फलकावर यातले फक्त ‘जयश्री महाजन’ उरते. वीस वर्षांनी तो फलक वाचणाऱ्याला वाटेल की २०१८ ला जळगावकरांनी सेनेला निवडून दिले होते.

नगरचे उदाहरण तर याहून बोलके. डिसेंबर २०१८ मध्ये ६८ जागांच्या महापालिकेत शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, काँग्रेस ५ असा निकाल लागला. महापौर झाले तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, ३७ मतांनी. राष्ट्रवादीच्या १८ नगरसेवकांनी त्यांना पाठिंबा दिला आणि त्यासाठी पक्षाने त्यांच्यावर कारवाईही केली. आज शहराचे नाव अहिल्यानगर आहे, त्यामुळे शोधताना दोन नावांनी शोधावे लागते, तो ताप वेगळाच.

सांगलीत २०१८ ला भाजपचे ४१ निवडून आले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौर राष्ट्रवादीचा झाला, ३९ विरुद्ध ३६. लातुरात २०१७ ला ७० पैकी ३६ जागा भाजपच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर काँग्रेसचा, ३५ विरुद्ध ३३. हे योग्य की अयोग्य, यावर आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. कायद्याने महापौर सभागृह निवडते, मतदार नव्हे. उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात महापौर थेट मतदार निवडतात, तिथे एका निकालपत्रात काम भागते. आपल्याकडे ते भागत नाही. म्हणूनच आपल्याकडे नोंद जास्त काळजीने ठेवायला हवी, आणि नेमकी आपल्याकडेच ती सर्वात विस्कळीत आहे.

महाराष्ट्रातला महापौर चार टप्प्यांतून तयार होतो. प्रत्येक टप्प्यावर काय नोंदवायचे आणि कुठे चुकते, ते ओळीने सांगतो.

पहिला टप्पा सोडतीचा. महापौरपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागासवर्ग, महिला आणि खुला या प्रवर्गांत चक्राकार फिरते आणि त्याची चिठ्ठी नगरविकास विभाग मंत्रालयात काढतो. नोंदीत सोडतीची तारीख हवीच, कारण ती मतदानाच्या आधी की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. २०१७ ला ती मतदानाआधी निघाली होती. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झाले तेव्हा मात्र सोडत निकालानंतर निघाली. म्हणजे मतदाराने मत देताना आपल्या शहराचा महापौर कोणत्या प्रवर्गातला असेल हे त्याला ठाऊकच नव्हते, आणि पक्षांनाही उमेदवारी देताना नव्हते. शिवाय प्रत्येक सोडतीत कोणती शहरे चक्रातून वगळली आणि कोणत्या निकषाने, हे टिपण जोडले पाहिजे. मुंबईच्या प्रवर्गावर यंदा सोडतीच्या वेळीच आक्षेप घेतला गेला. तो बरोबर की चूक हे ठरवायला आधीच्या सगळ्या सोडतींचा तक्ता एका पानावर लागतो. तो आज कुठल्याही संकेतस्थळावर सरळ हाती लागत नाही. जुने शासन निर्णय एकेक करून उपसावे लागतात.

दुसरा टप्पा प्रभागाचा, आणि सर्वाधिक घोळ इथे होतो. प्रभाग क्रमांक हा कायमचा पत्ता नाही. मुंबईत १९६८ ला १४० जागा होत्या, १९८५ ला १७०, १९९२ ला २२१, २००२ पासून २२७. मध्ये एकदा २३६ करायचा कायदा झाला आणि २०२२ मध्ये तो फिरवून पुन्हा २२७ वर आणला. आकडा तोच राहिला तरी हद्दी बदलतात. म्हणून ‘प्रभाग अमुकमधून सलग तीनदा विजयी’ असे वाक्य लिहिण्याआधी तिन्ही वेळचे नकाशे एकावर एक ठेवून पाहावे लागतात. अनेकदा निघते असे की क्रमांक तोच, वस्ती वेगळी. किंवा वस्ती तीच, क्रमांक वेगळा. नोंदीत क्रमांकाबरोबर निवडणुकीचे साल, प्रभागाचे नाव आणि त्या वेळच्या हद्दीचा नकाशा हवा.

मुंबईबाहेर आणखी एक गाठ आहे. २००२ ला त्रिसदस्यीय प्रभाग होते, २००७ ला एकसदस्यीय, २०१२ ला द्विसदस्यीय, २०१७ ला चार सदस्यांचे, आणि २०२६ लाही बहुतेक ठिकाणी चारच. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार एका वेळी चार मते देतो : ‘अ’ जागेची मतपत्रिका पांढरी, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळी, ‘ड’ फिकट निळी. प्रत्येक जागेवर वेगळी लढत, वेगळे आरक्षण, वेगळा ‘नोटा’. त्यामुळे ‘प्रभाग १२’ असे लिहून काम होत नाही, ‘१२ ब’ असे लिहावे लागते. मतांची टक्केवारी काढताना तर हमखास चूक होते. समजा, प्रभागात १०,००० मतदारांनी मतदान केले. चारही जागांच्या मतांची बेरीज ४०,००० होईल. कुणी उमेदवाराच्या ४,५०० मतांना ४०,००० ने भागले की सव्वाअकरा टक्के येतात, आणि ‘एवढ्याशा मतांवर महापौर’ अशी बातमी तयार होते. भागायचे त्याच जागेच्या एकूण मतांनी, म्हणजे १०,००० ने : ४५ टक्के. आयोगाने निकाल देताना जागानिहाय एकूण वैध मतांचा रकाना ठळक दिला तर ही चूक मुळातच टळेल.

याच टप्प्यावर उमेदवाराच्या नावाचा प्रश्न येतो. महिला उमेदवाराचे जात प्रमाणपत्र माहेरच्या नावावर, मतदारयादीत सासरचे नाव, मतपत्रिकेवर कधी दोन्ही, इतिवृत्तात तिसरेच. एकाच व्यक्तीच्या तीन निवडणुका तीन वेगळ्या बायका लढल्यासारख्या दिसतात. प्रतिज्ञापत्रातले पूर्ण नाव मूळ धरावे आणि बाकीची नावे ‘अन्य नोंदी’ म्हणून खाली द्यावीत. वयाचेही तसेच. देवेंद्र फडणवीस १९९२ ला बाविसाव्या वर्षी नागपुरात नगरसेवक झाले आणि १९९७ ला सत्ताविसाव्या वर्षी महापौर. ‘विसाव्या’तल्या या ‘व्या’कडे दुर्लक्ष करून कुणी २२ पूर्ण लिहितो, कुणी २१. जन्मतारीख २२ जुलै १९७० लिहिली की वाद मिटतो. वय लिहूच नका, जन्मतारीख लिहा.

राखीव जागेवरून आलेल्यांच्या नोंदीत जात वैधता प्रमाणपत्राची तारीख हवी. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते सादर केले नाही तर पद आपोआप जाते. मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक ठरवली आणि कोल्हापुरातल्या नगरसेवकांची पदे धोक्यात आली, त्यानंतर सरकारने कायदा बदलून मुदत वर्षाची केली. ज्या सभागृहात दोन-तीन मतांवर महापौर ठरतो, तिथे कोण कोणत्या तारखेला अपात्र झाले हे माहीत नसेल तर बेरीज जुळणारच नाही.

तिसरा टप्पा गटनोंदणी. निकालानंतर पक्षाचे नगरसेवक, त्यांना येऊन मिळालेले अपक्ष आणि छोटे पक्ष विभागीय आयुक्तांकडे जाऊन गट किंवा आघाडी नोंदवतात. मुंबईसाठी हे काम कोकण भवनात, बेलापूरला होते. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्यान्वये पक्षादेश कुणाला लागू, हे या नोंदणीवरून ठरते. तरीही हा कागद जनतेपुढे जवळजवळ येतच नाही. वर्तमानपत्रात ‘चार अपक्षांचा पाठिंबा’ असे येते. कोणते चार आणि त्यांनी लेखी दिले का, ते नसते. मुंबईत २०१७ ला मनसेचे ७ निवडून आले आणि ऑक्टोबरमध्ये त्यातले ६ शिवसेनेत गेले. मग २०१७ च्या सभागृहातले ‘सेनेचे संख्याबळ’ विचारल्यावर कोणत्या दिवसाचे सांगायचे? निकालाच्या दिवशी ८४ होते. त्यानंतर अपक्ष आले, मनसेचे आले, पोटनिवडणुका झाल्या. प्रत्येक महापौर निवडीच्या दिवसाचे संख्याबळ वेगळे नोंदवणे हाच उपाय.

चौथा टप्पा प्रत्यक्ष निवडीची सभा. नगरसचिव विषयपत्रिका काढतात, अर्ज भरले जातात, प्रत्येक अर्जावर सूचक आणि अनुमोदक. मुंबईबाहेर बहुधा जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या तोडीचा अधिकारी पीठासीन असतो. छाननी होते, माघारीसाठी पंधरा मिनिटे दिली जातात, मग हात वर करून मतदान. बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण, गैरहजर कोण, हे नावानिशी टिपले जाते. समान मते पडली तर चिठ्ठी. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सभागृहात बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसते. राज्यघटनेच्या २४३-आर मध्येच तसे आहे. दिल्लीत याच मुद्द्यावर २०२३ च्या सुरुवातीला तीन सभा महापौर न निवडताच उठल्या. १७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने नामनियुक्त सदस्यांना मत नाही असे सांगितले, तेव्हा कुठे २२ तारखेला शेली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी निवडून आल्या. चंदीगडला २०२४ मध्ये गुप्त मतदानाची पद्धत होती. तिथे ३० जानेवारी २०२४ ला पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवून १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या आठ मतपत्रिका वैध धरून पराभूत ठरवलेल्या कुलदीप कुमार यांना महापौर जाहीर केले. आपल्याकडची हात वर करण्याची पद्धत या बाबतीत उजवी आहे, कारण तिच्यात प्रत्येक मताला नाव आहे. पण ती नावे इतिवृत्तातच अडकून पडली तर उजवेपणाचा उपयोग काय?

मुंबईचे ८ मार्च २०१७ चे मतदान घ्या. शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर १७१, काँग्रेसचे विठ्ठल लोकरे ३१. बेरीज २०२. सभागृह २२७ चे. उरलेले २५ जण तटस्थ होते, बाहेर गेले होते की आलेच नव्हते? या तिन्ही गोष्टींचा राजकीय अर्थ वेगळा. ‘१७१ विरुद्ध ३१’ हा आकडा सर्वत्र सापडतो, २५ चा हिशेब कुठेच मांडलेला नसतो. आणखी गंमत म्हणजे सेनेच्या ८४ आणि भाजपच्या ८२ जागा होत्या. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन पक्षांनी सभागृहात एकच उमेदवार निवडून दिला. २२ नोव्हेंबर २०१९ ला किशोरी पेडणेकर आल्या त्या बिनविरोध. अशा ठिकाणी काही जण ‘२२७ पैकी २२७’ लिहून मोकळे होतात. बिनविरोध म्हणजे मतदानच झाले नाही. मतांच्या रकान्यात आडवी रेघ हवी आणि शेरा ‘बिनविरोध’.

पराभूत उमेदवार गाळणे ही आपली जुनी खोड. दिल्लीत २०२३ ला ११६ मते घेऊन महापौरपद हरलेल्या रेखा गुप्ता २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या. फक्त जिंकलेल्यांची यादी ठेवणाऱ्याला त्यांच्या कारकिर्दीतली ही पायरी दिसणारच नाही.

आता मुदतीच्या तारखांकडे येऊ, कारण फलकावरचे ‘पासून-पर्यंत’ हे दोन रकाने तरी बरोबर असतात असा समज आहे. मुंबईत महापौराची मुदत पूर्वी एका वर्षाची होती, आता अडीच वर्षांची आहे. महाडेश्वरांची अडीच वर्षे ८ सप्टेंबर २०१९ ला संपत होती. विधानसभा निवडणूक तोंडावर असल्याने सरकारने राज्यातल्या महापौरांना मुदतवाढ दिली आणि ते २२ नोव्हेंबरपर्यंत पदावर राहिले. वाढीव काळ त्याच ओळीत मिसळला की नंतर कुणीतरी ‘अडीच वर्षांपेक्षा जास्त पदाला चिकटून राहिले’ असे लिहितो. मुदतवाढीचा आदेश वेगळ्या ओळीत, तारखेसह हवा.

मग राजीनाम्यांचा प्रकार. अडीच वर्षांत इच्छुक दोन-तीन असले की ‘सव्वा-सव्वा वर्ष’ ठरते, कधी दहा-दहा महिने. कोल्हापुरात २०१५ ते २०२० या एकाच सभागृहाच्या काळात महापौरपद किती हातांतून गेले हे तिथल्या नगरसचिवांना आम्ही सांगायला नको. अशा वेळी राजीनामा दिल्याची तारीख, तो सभागृहापुढे आल्याची तारीख आणि नवी निवड झाल्याची तारीख या तीन निरनिराळ्या असतात. मधल्या दिवसांत कारभार उपमहापौर पाहतात. फलकावर हे दिवस कधी जुन्या महापौरांच्या खात्यावर पडतात, कधी नव्या. ‘प्रभारी’ अशी स्वतंत्र ओळ घातली की झाले.

आणि सर्वात मोठी पोकळी. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्यानंतर आठवड्याने. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवलीच्या मुदती २०२० मध्येच संपल्या होत्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले, मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. एवढा काळ महापौर नव्हता, प्रशासक होता. संकेतस्थळांवरच्या याद्यांत २०२२ नंतर सरळ २०२६ चे नाव येते, जणू मधली वर्षे कॅलेंडरात नव्हतीच. तिथे ‘महापौर नाही, प्रशासक’ असे, प्रशासकाच्या नावानिशी आणि नेमणुकीच्या आदेशासह छापले पाहिजे. इचलकरंजी आणि जालना या नव्या महापालिका. त्यांची पाटी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कोरीच होती. निदान तिथे तरी पहिल्या ओळीपासून नीट सुरुवात करता येईल.

पदाचे नाव एकच असले तरी पद एकच नसते, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईत ‘महापौर’ ही संज्ञा १९३१ पासून आहे. त्याआधी महापालिकेचे ‘अध्यक्ष’ असत. त्यामुळे फिरोजशहा मेहतांना मुंबईचे महापौर म्हणणे चुकीचे, ते अध्यक्ष होते. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आली, म्हणजे महापौराच्या हाती कार्यकारी अधिकार आले. वर्षभरात ती गुंडाळली गेली. एरवी मुंबईत १८८८ च्या आणि इतरत्र १९४९ च्या अधिनियमान्वये कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. मग १९९८ च्या महापौराची कारकीर्द आणि २०१८ च्या महापौराची कारकीर्द एकाच फूटपट्टीने कशी मोजणार? ‘पदाचे स्वरूप’ असा एक रकाना त्यासाठी हवा.

पक्षाच्या रकान्याबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे चांगले चांगले चुकतात. मनोहर जोशी १९७६-७७ ला मुंबईचे महापौर होते. पुढे १९८४ ची लोकसभा त्यांनी मुंबई उत्तर मध्यमधून लढवली, पण कमळावर. ते शिवसेनेचेच होते; सेनेकडे तेव्हा मान्यताप्राप्त चिन्ह नव्हते. निकालपत्रात पक्ष भाजप दिसतो. ते हरले. १९९० ला दादरमधून आमदार, १९९५ ला मुख्यमंत्री, १९९९ ला त्याच मुंबई उत्तर मध्यमधून खासदार, २००२ ला लोकसभेचे अध्यक्ष आणि २००४ ला, अध्यक्षपदावर असतानाच, एकनाथ गायकवाडांकडून पराभूत. या माणसाची नोंद करताना ‘पक्ष’ आणि ‘चिन्ह’ हे दोन वेगळे रकाने नसतील तर १९८४ ची ओळ वाचणाऱ्याला ते पक्षांतर वाटेल.

डॉ. रमेश प्रभूंची ओळ याहून अवघड. १९८७-८८ चे मुंबईचे महापौर. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. कागदोपत्री अपक्ष, प्रत्यक्षात सेनेचे. एप्रिल १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवण्यावर शिक्कामोर्तब केले. नोंदीत ‘विजयी’ लिहायचे की ‘रद्द’? दोन्ही, तारखांसह. निकाल हा एका दिवशी संपणारा विषय नसतो, म्हणून निकालाच्या रकान्यापुढे ‘न्यायालयीन स्थिती’ असा रकाना रिकामा का होईना, ठेवावा.

आजच्या याद्यांत हाच प्रश्न पुन्हा येणार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिले, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाला. २०१७ च्या यादीतली ‘शिवसेना’ आणि २०२६ च्या यादीतली ‘शिवसेना’ यांची जागांची वजाबाकी करणे म्हणजे आंबे आणि चिंचा एका तागडीत घालणे. त्या दिवशी पक्षाचे अधिकृत नाव जे होते तेच, जसेच्या तसे लिहावे. नंतरच्या घडामोडीनुसार मागची नोंद दुरुस्त करू नये.

महापौरपदाच्या आगेमागे काय घडले, तेही त्याच पानावर असावे. छगन भुजबळ १९७३ ला नगरसेवक, १९८५ ला माझगावचे आमदार आणि त्याच वर्षी महापौर. पुढे पुन्हा एकदा महापौर, १९९१ अखेर सेना सोडून काँग्रेसमध्ये, १९९५ ला माझगावातच बाळा नांदगावकरांकडून पराभूत, १९९९ ला उपमुख्यमंत्री, २००४ पासून येवला. महाडेश्वरांनी महापौर असताना २०१९ ला वांद्रे पूर्व लढवली. पक्षाच्याच मावळत्या आमदार तृप्ती सावंत बंडखोरी करून उभ्या राहिल्या, त्यांनी २४ हजारांच्या आसपास मते घेतली, आणि काँग्रेसचे झिशान सिद्दीकी ५,७९० मतांनी निवडून आले. मातोश्री ज्या मतदारसंघात आहे तिथे मुंबईचा महापौर हरला. त्याचे कारण फक्त विजयी उमेदवाराचे नाव पाहून कळत नाही. तिसऱ्या उमेदवाराची मते आणि ती कुणाची होती, हे पाहावे लागते. म्हणून प्रत्येक लढतीत निदान पहिल्या तीन उमेदवारांची मते द्या.

एकाच वेळी आमदार आणि महापौर असणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नव्हती. पदे एकमेकांवर चढलेली असतात. त्यामुळे कारकीर्द सालांच्या सरळ रांगेत मांडली की गोंधळ होतो. प्रत्येक पदाला स्वतःच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा द्या, मग ती पदे एकमेकांवर कितीही चढली तरी वाचणाऱ्याला कळते.

काम कसे करायचे याबद्दल थोडेसे. राज्य निवडणूक आयोग १९९४ चा. त्याआधीच्या महापालिका निवडणुकांचे निकाल महापालिकांच्या दप्तरात आणि राजपत्रांत आहेत. त्यांची स्कॅन प्रत काढताना राजपत्राचा दिनांक आणि पान क्रमांक टाकल्याशिवाय फाइल जतन करू नका. नंतर ती कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. संगणकावर आलेली पहिली वीसेक वर्षांची इतिवृत्ते श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण नाव शोधायला गेले की काही सापडत नाही आणि कॉपी केले तर इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येते. ती युनिकोडमध्ये उतरवावी लागतील, आणि उतरवल्यावर माणसाने वाचून पाहावी लागतील, कारण परिवर्तकात ऱ्ह, ऱ्य, र्ह, र्य यांची हमखास वाट लागते आणि आडनावे बदलतात. तक्ता चित्र म्हणून टाकू नका. रकाने उतरवून घेता येतील अशी फाइल द्या.

आमची मागणी मोजकी आहे. नगरविकास विभागाने आजवरच्या सर्व महापौर आरक्षण सोडतींचा एकत्रित तक्ता, वगळलेल्या शहरांच्या आणि निकषांच्या टिपणासह, जाहीर करावा. आयोगाने प्रत्येक नगरसेवकाचा निकाल जागेच्या अक्षरासह, त्या जागेच्या एकूण वैध मतांसह आणि पक्ष व चिन्ह वेगळे दाखवून द्यावा. विभागीय आयुक्तांकडून गटनोंदणीच्या याद्या मागवून घेऊन त्या निकालाला जोडाव्यात. नगरसचिवांनी महापौर निवडीच्या प्रत्येक सभेच्या इतिवृत्तातला मतदानाचा भाग, म्हणजे बाजूने, विरोधात, तटस्थ आणि गैरहजर यांची नावे, सभेनंतर पंधरा दिवसांत संकेतस्थळावर ठेवावा, आणि जुन्या सभांचा २०२६ पासून मागे मागे जात पुरा करावा. सुरुवात २०१७-२०२२ च्या सभागृहांपासून करता येईल. त्या वेळचे कर्मचारी अजून सेवेत आहेत आणि कागद कुठल्या कपाटात आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार माहिती आपणहून जाहीर करणे तुमच्यावर आधीच बंधनकारक आहे. कुठल्या महापालिकेत किती सभांची इतिवृत्ते उपलब्ध आहेत आणि किती गहाळ आहेत, एवढे उत्तर प्रत्येक नगरसचिवांनी आधी द्यावे. गहाळ असतील तर तसे लिहून द्यावे. त्या सभांची नोंद आम्ही त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून जुळवायला घेऊ आणि तसा स्पष्ट शेरा मारून तुमच्याकडे पाठवू.

आपले,
महापालिका निवडणुकांच्या नोंदी ठेवणारे आणि तपासणारे काही नागरिक